अर्ध्या झोपेतलं बी

अळ्या लठ्ठ निघाल्या.

प्रतीक्षानं झाकण उचललं तेव्हा तिला आधी वाटलं, आपण भलताच ट्रे काढला. तिनं झाकण परत ठेवून वरची चिठ्ठी वाचली. अक्षर तिचंच होतं, ट्रेही तोच होता. घाटेअळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून ट्रेमध्ये एकेकीला वेगळी खोली; आणि प्रत्येक खोलीत एक तुकतुकीत हिरवं जनावर बेसनाच्या चाऱ्यात तोंड खुपसून सुखानं पडलेलं. या अळ्या एव्हाना दोऱ्यासारख्या बारीक पडायला हव्या होत्या. गेल्या दोन्ही वर्षी पडल्या होत्या.

शेजारी अमोल उभा होता. प्रयोगशाळेतल्या अळ्या वाढवणं हे त्याचं काम. अंडी, चारा, कोष, पतंग, त्यांचा सगळा संसार तोच चालवायचा. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, या तं लग्नातल्या व्याह्यावानी सुटल्या. आपण यायले औषध देऊन राहिलो का खुराक?"

प्रतीक्षा हसली नाही. अमोलनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचा विनोद गिळून टाकला.

हरभऱ्याचा घाटा, तुरीची शेंग, कपाशीचं बोंड, जे भरत आलं ते आतून पोखरणारी ही अळी वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. प्रतीक्षाचं काम तिच्या पोटाशी होतं. दाण्यात प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. अळीच्या आतड्यातली विकरं, ज्यांना सगळे एन्झाइम म्हणतात, ती माळ तोडतात. तोडून जे लहान तुकडे होतात ती पेप्टाइडं. तीही पुन्हा तोडतात, मणी सुटे होईपर्यंत. सुटा मणी तेवढा अंगी लागतो. खाणं म्हणजे शेवटी तोडणंच. जो जगतो तो कोणाची तरी माळ तोडून जगतो, असं प्रतीक्षाला कधी कधी वाटायचं, आणि तसं वाटलं की ताटातली भाकर तिला जड व्हायची.

पण कारल्याच्या बियात एक लहानसं पेप्टाइड असतं, ते सहजी तुटत नाही. अडकित्त्यात दगडासारखी सुपारी अडकावी, ना फुटावी ना निसटावी, आणि अडकित्ताच निकामी व्हावा, तसं ते विकराच्या जबड्यात जाऊन बसतं. मग अळी खाते, खातच राहते, आणि खाल्लेलं तिच्या अंगी लागत नाही. दोन वर्षं प्रतीक्षानं हे पाहिलं होतं. तिच्या अळ्या सुकल्या, खुजे कोष झाले, त्यातून पतंग निघालेच नाहीत. तिच्या मार्गदर्शक डॉ. सत्यवती गावंडे यांच्यासोबत तिनं त्यावर लेख लिहिला, तो छापून आला. वलगावच्या माळ्याच्या पोरीचं नाव छापून आलं. तिचे बाबा शालिकराम यांनी त्या पानाचा फोटो भाजीबाजारातल्या सगळ्यांना दाखवला आणि कोणाला काही कळलं नाही, तरी सगळ्यांनी मान डोलावली.

मग दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेची मेल आली. आम्ही तुमच्या पद्धतीनं सगळं केलं, कारल्याचं वाळलेलं बी दळलं, त्यातून पेप्टाइड काढलं, चाऱ्यात घातलं. आमच्या अळ्यांनी ते तोडून पचवलं. तुमच्याकडे वेगळं काय आहे?

काहीच वेगळं नाही, असं उत्तर देण्यासाठी प्रतीक्षानं तिसऱ्यांदा प्रयोग मांडला होता. तो हा असा.

गावंडे मॅडमनी ट्रे पाहिला. मॅडम निवृत्तीला आलेल्या, बोलताना तोंडात कायम बडीशेप. त्या बराच वेळ चघळत राहिल्या.

"मागच्या वेळी वजनं तूच केली होतीस ना?"

"हो मॅडम."

"एकटीनंच?"

"अमोल सुट्टीवर होता." प्रतीक्षाचा आवाज आपोआप चढला. "मॅडम, मी आकडे बनवले नाहीत."

"मी तसं म्हटलं का?"

"नाही."

"मी म्हणणारही नाही. पण लोक म्हणतील, आणि तोंडावर म्हणणार नाहीत, हे जास्त वाईट." मॅडमनी ट्रेचं झाकण लावलं. "दिवाळीनंतर तुझी पीएच.डी.ची समिती बसेल. तोवर हे पुन्हा करून दाखव. नाही जमलं तर लेख मागं घ्यायचा. त्यावर दोघींची नावं आहेत प्रतीक्षा. माझं नाव आता घरी जाईल, मला फरक पडत नाही. तुझं अजून बाहेर पडायचं आहे."

लेख मागं घेतला की पीएच.डी. गेली, हे मॅडमनी बोलून दाखवलं नाही. आणि पीएच.डी.पेक्षा मोठं काहीतरी जाणार होतं. या तालुक्यातून त्या तालुक्यात, या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत, जिथं जाईल तिथं तिच्या आधी एक कुजबुज पोचणार होती: तीच ना ती, जिचं पुन्हा जमलं नाही.

पुढचे आठवडे प्रतीक्षानं स्वतःवरच पाळत ठेवली. पाणी बदललं, रसायनांच्या नव्या बाटल्या फोडल्या, तराजू तपासून घेतला. अमोल मूर्तिजापूरच्या बाजूच्या शेतातून ताज्या अळ्या वेचून घेऊन आला, न जाणो जुन्या अळ्यांची जात बिघडली असेल. नव्याही तशाच सुटल्या. तिनं अळीच्या आतड्याचा रस काढून त्यात पेप्टाइड सोडून पाहिलं. रसानं ते तोडलं. तिनं नीट बघितलं तेव्हा दिसलं की विकर मधूनच घाव घालत नाही. ते एका टोकाला धरतं आणि उसवत जातं.

दोन वर्षं जे तुटलं नाही, ते आता का उसवतंय? अकोल्यात जठारपेठेतल्या तिच्या खोलीत, समोरच्या घरातली बाई रोज सकाळी अंगण झाडायची त्या आवाजाबरोबर हा प्रश्न उठायचा. हळूहळू तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. माणूस खोटं बोलतो ते दरवेळी ठरवून थोडंच बोलतो? हवं ते दिसावं अशी डोळ्यांना सवय लागते. तराजूचा काटा स्थिर होण्याआधी आपण आकडा वाचला असेल. मोठी अळी राहू दे, हिला नंतर बघू, असं म्हणून सोडली असेल. तिला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हाच तिला पुरावा वाटायला लागला.

एक गोष्ट मात्र तिनं तपासली नाही. बी. तिन्ही वर्षी बी घरचं होतं, वलगावच्या मांडवावरचं. घरच्या वस्तूवर माणूस शंका घेत नाही, म्हणून ती तपासायची राहूनच जाते.

नवरात्रात ती गावी गेली. जाणार नव्हती, आईनं फोनवर "तुले पाहून वरीस होते का काय आता" असं म्हटलं म्हणून गेली. बस बडनेऱ्याला बराच वेळ थांबली, अमरावतीला बदलावी लागली, आणि वलगावला पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. पेढी नदीच्या बाजूला त्यांचं वावर. तिथं मांडवावर बियाण्यासाठी सोडलेली कारली पिकून केशरी झाली होती, काही उकलली होती, आत लालभडक गरातलं बी दिसत होतं.

घरात आई, गंगूबाई, आणि कौंडण्यपूरला दिलेली आईची बालमैत्रीण गोदाबाई बसल्या होत्या. गोदाबाईला कारल्याचं बी हवं होतं.

"आज नाई भेटत," आई म्हणत होती. "उद्या सकायी ने. अजून झोपलं हाये ते."

"मले संध्याकायच्या गाडीनं जा लागते वं गंगू. तसंच दे."

"तसंच देऊ? आन मंग उगवलं नाई तं गावभर सांगशील, गंगूनं मुर्दाड बी देल्लं."

"सांगीनच!"

दोघी हसल्या. प्रतीक्षा पाटवडी खात होती. घास तोंडातच राहिला.

"आई, झोपलं म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? बी."

"उद्यापावतर काय करणार हाये तू त्याचं?"

आईनं मानेनंच फ्रिजकडे दाखवलं. प्रतीक्षा उठली. फ्रिजच्या मागं, जिथं जाळीची ऊब लागते, तिथं जुन्या लुगड्याच्या ओल्या धडप्यात एक पुरचुंडी बांधून ठेवली होती.

"हे ओलं काऊन केलं?"

"मंग! कारल्याचं बी लय आळशी. वरून टणक, मातीत टाकलं तं पंधरवडा डोयाच उघडत नाई. एक रात ओलं ठेवलं का जागं होते, मंग लांब पाठवाचं असन तं सावलीत वाळवून द्यायचं. माह्या सासूनं सांगतलं होतं, झोपेतलं बी कोणाच्या पदरात घालू नाई. आधी चुलीपाशी ठेवो, आता चूल कुटी हाये."

"मले पाठवत होती तेयी?"

"तुले तं पह्यले! परक्याले जागवून देते आन पोटच्या पोरीले झोपेतलं देईन काय?"

प्रतीक्षानं पुरचुंडी होती तिथं परत ठेवली. "आई, मी फोनवर सांगतलं होतं तुले. बियाले काईच लावू नको."

"मंग काय लावलं? राख लावली? शेण लावलं? का ते गुलाबी पावडर लावलं? पाणी काय लावणं असते का वं? आन वाळवूनच तं पाठवलं."

"आन औंदा?"

"औंदा मी कुटी होती? चंदनच्या घरी अमरावतीले, सुनेच्या बाळंतपणात. तुह्या बाबानं पाठवलं."

बाबा ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. ते तिथूनच मोठ्या अभिमानानं म्हणाले, "म्या काईच केलं नाई. तू सांगतलं तसंच. धुतलं, वाळवलं, पाठवलं. या घरात पह्यल्यांदा कोणी तुह्यं आयकलं."

गोदाबाई खळखळून हसली. आणि प्रतीक्षाचा तोल गेला. ती आईवर ओरडली, बाबांवर ओरडली; तुमच्या बह्याडपणापायी माझ्यावर खोटारडेपणाचा आळ आलाय, तुम्हाला प्रयोग म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद वाटला का, तिकडं समिती बसणार आहे आणि इकडं तुम्ही बियाला झोपवता अन् उठवता. आईनं मेथीची जुडी ओढली आणि निवडायला घेतली. गोदाबाईनं पदर सावरला आणि झोपेतलंच बी घेऊन गाडीला गेली.

प्रतीक्षा मांडवाखाली जाऊन उभी राहिली. वरून कारल्यांचा कडवट वास. राग उतरायला लागला तसा मागून विचार सरकत आला, आणि तो रागापेक्षा जड होता.

बी उगवायचं म्हणजे काय? पाणी लागताच बियात त्याची स्वतःची विकरं जागी होतात. जन्मभराची शिदोरी म्हणून, पहारेकरी म्हणून जे जे बांधून ठेवलं ते बी स्वतःच्या हातानं तोडायला लागतं. तोडल्याशिवाय अंकुराला खायला काही नाही. म्हणजे आईनं भिजवलेल्या बियात पेप्टाइड कमी असायला हवं होतं. पण त्याच बियानं तर अळ्या सुकवल्या. आणि शाबूत, न भिजलेल्या बियाचं पेप्टाइड अळीनं टोकाला धरून उसवलं.

टोकाला धरून.

ती तिथंच ओल्या मातीत बसली. सुताच्या गुंड्याचं टोक सापडलं की सगळा गुंडा उलगडतो. पण कोणी ते टोक आधीच कापून टाकलं असेल तर? बी जागं होताना पहिला घाव शेपटासारख्या लोंबत्या टोकावरच पडत असेल. पूर्ण जागं झालं तर ते सगळंच तोडणार. पण आई त्याला पूर्ण उठूच देत नाही. एक रात्र ओलं, आणि मग सावलीत वाळवून पुन्हा निजवलेलं. टोक गेलेलं, गाठ शिल्लक. अळीला धरायला काही नाही.

असेल. नसेलही. हे सगळं खरं असावं असं तिला वाटत होतं, आणि अलीकडे तिला स्वतःच्या वाटण्याचीच भीती वाटत होती.

सकाळी आईनं डबा भरला आणि दोन पुरचुंड्या तिच्या पिशवीत टाकल्या. "हे जागं, सावलीत वाळवजो, आन हे झोपेतलं," ती म्हणाली, तिच्याकडे न बघता. "तुह्या मॅडमले सांग, चूक माह्या मायची हाये. हाणतीन तं मले हाणतीन."

"चूक माही हाये आई. मी विचारलंच नाई कधी."

"पोट्टी शिकली तं कायले विचारीन," आई म्हणाली. पण मग तिनं प्रतीक्षाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि हाताला मेथीचा वास होता.

अकोल्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून प्रतीक्षानं एक हिशेब मांडला, आणि तो फार सोपा होता. आता काय करायचं ते तिला कळलं होतं. एक रात्र बी भिजवायचं, वाळवायचं, दळायचं. अळ्या सुकतील. समिती खूश, मॅडम खूश, लेख जिथल्या तिथं. बी भिजलं होतं हे कोणाला कळणार? दक्षिणेतले लोक म्हणतील, आम्हालाच जमलं नाही. छापलेल्या पद्धतीत "वाळलेलं बी" असंच आहे, आणि ते वाळलेलं होतंच की. शब्दन् शब्द खरा.

मूर्तिजापूर आलं, गेलं. बाहेर तुरीची वावरं पिवळ्या फुलांना आली होती. शब्दन् शब्द खरा आणि सगळं मिळून खोटं, अशी गोष्ट आयुष्यभर आपल्याला टोकाकडून उसवत राहील, असं तिला वाटलं. बोरगाव मंजूच्या थांब्यावर कोणीतरी गरम भजी घेऊन चढलं, गाडीभर वास सुटला, आणि तिला कडकडून भूक लागली. कित्येक दिवसांत अशी लागली नव्हती. तिनं आईचा डबा उघडला. ती कधी ठरवून बसली नाही, पण डबा संपला तेव्हा ठरलेलं होतं.

मॅडमच्या खोलीत तिनं सगळं सांगितलं. लुगड्याचं धडपं, फ्रिजची मागची बाजू, बाबांचं आज्ञाधारकपण, सगळं. मॅडम चघळायच्या थांबल्या.

"म्हणजे छापलेली पद्धत चूक."

"हो."

"आणि निकाल?"

"खरा असावा."

"असावा?"

"मला वाटतं खरा आहे. पण माझ्या वाटण्यावर आता तुम्ही जाऊ नये."

मॅडम खुर्चीत मागं रेलल्या. मग त्या हसल्या, आणि हसू काही फार गोड नव्हतं. "माझी आई उडदाच्या बियाला तुळशीवृंदावनापाशी ठेवायची, रात्रभर. मी तीस वर्षं बियांवर काम करते. तिला एकदाही विचारलं नाही, का ठेवतेस म्हणून." त्या उठल्या. "ऐक. आता यातल्या कशालाच तू हात लावायचा नाही. बीसुद्धा तुझ्या घरचं नको. मी बाजारातून आणते. भिजवणं माझ्याकडे, अळ्या अमोलकडे. तू बाटल्या धू."

प्रतीक्षानं बाटल्या धुतल्या.

मॅडमचं पहिलं बी नासलं. त्यांनी ते उत्साहानं फार वेळ ओलं ठेवलं, धडप्याला आंबूस वास आला, आणि त्यातून पेप्टाइड काढायला गेल्या तर काहीच हाती लागलं नाही. बी पूर्ण जागं होऊन आपली सगळी शिदोरी खाऊन बसलं होतं. प्रतीक्षानं फोनवर आईला विचारलं, नेमकं किती वेळ ठेवायचं?

"ठेव्याचं एक रात."

"रात म्हंजे किती? थंडीतली का उन्हाळ्यातली?"

"बाप्पा! ते काय मी मोजत बसते? कधी नासतेयी. नासलं तं फेकून द्यायचं, दुसरं भिजवायचं."

हे उत्तर तिनं मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "चला, निदान तुझी आई तरी प्रामाणिक आहे," आणि बी थोड्या थोड्या वेळानं बाहेर काढून वाळवायला सुरुवात केली. एका घाण्यातलं पेप्टाइड जेलच्या पातळ वडीत, जिथं लहान तुकडा जास्त खाली सरकतो, चालवलं तेव्हा त्याची निळी पट्टी न भिजलेल्या बियाच्या पट्टीपेक्षा केसभर खाली उतरलेली दिसली. केसभरच. पण खाली. म्हणजे काहीतरी कापलं गेलं होतं आणि बाकीचं शाबूत होतं. प्रतीक्षानं हात पाठीमागं बांधून ते पाहिलं, देवळात सोवळ्याबाहेर उभं राहावं तसं.

मग मॅडमनी तीन ट्रे भरले. एकात साधा बेसनाचा चारा, एकात न भिजलेल्या बियाचं पेप्टाइड, एकात अर्धवट जाग्या झालेल्या बियाचं. ट्रेवर चिठ्ठ्या नाहीत. लाल, पिवळा, काळा असे तीन दोरे बांधले. कोणता कशाचा हे फक्त मॅडमना माहीत. अमोलला माहीत नाही, प्रतीक्षाला नाही. अमोलनं आपल्या अळ्या एकेका खोलीत सोडल्या आणि दार लावून घेतलं.

काही करायचं नसणं हे करण्यापेक्षा अवघड असतं. आजवर जे होतं ते तिच्या हातानं व्हायचं. हात खरे असोत, खोटे असोत, तिचे होते. आता बंद दारामागं तिच्याशिवाय काहीतरी खरं ठरत होतं किंवा खोटं ठरत होतं. ती मोर्णेच्या पुलावर जाऊन उभी राहायची. पाणी फारसं नव्हतंच. तिला वाटायचं, जे खरं असेल ते माझ्या हाताविना उभं राहिलं पाहिजे. आणि लगेच वाटायचं, नाही राहिलं तर? मग ती परत येऊन बाटल्या धुवायची. धुतलेल्याही पुन्हा धुवायची. अमोल जाता येता म्हणायचा, "ताई, काच झिजून राहिली."

एका दुपारी मात्र तो नुसता दारात येऊन उभा राहिला.

"ताई, माह्या हातून बिघडलं वाट्टे."

"काय झालं?"

"दोन ट्रे मस्त आहेत. एका ट्रेतल्या अळ्या वाढूनच नाई राहिल्या. चारा तं खाऊन राहिल्या, पण अंगच धरून नाई राहिल्या. पिवया दोरा हाये त्याले." तो कपाळ पुसत होता. "आता पिवया दोरा साध्या चाऱ्याचा निंगाला, तं मंग माह्या अळ्यायलेच रोग आला म्हना. सगळंच गेलं. तुमचंयी गेलं."

प्रतीक्षा मॅडमच्या खोलीकडे चालू लागली. अमोल मागून आला. मॅडम फोनवर बोलत होत्या; यांना पाहून त्यांनी फोन खाली ठेवला.

"पिवळा," प्रतीक्षा म्हणाली. एवढंच तिच्यानं झालं.

"पिवळ्याचं काय?"

"सुकल्या," अमोल म्हणाला. "मॅडम, मी चारा बराबर टाकला होता, आईची आन."

मॅडम उठल्या आणि आधी अळ्यांच्या खोलीत गेल्या. तिन्ही ट्रे उघडून, चष्मा कपाळावर चढवून, त्यांनी एकेक खोली पाहिली. लाल दोऱ्याच्या अळ्या फुगलेल्या, काळ्याच्याही. पिवळ्याच्या बारीक, फिकट, तरीही चाऱ्यात तोंड घालून अखंड चघळणाऱ्या. मॅडमनी घाई केली नाही. माणूस जीव मुठीत धरून उभा आहे हे त्यांना कळत होतं, तरी केली नाही.

मग त्या वळल्या. "अमोल, तुझ्या हातून काही बिघडलेलं नाही. साधा चारा लाल दोऱ्याला आहे."

"आन पिवया?"

"पिवळा भिजवलेल्या बियाचा."

अमोलनं "हट्" असं काहीतरी म्हटलं आणि तो भिंतीला टेकून हसायला लागला. प्रतीक्षाला हसता येईना, रडता येईना. ती जवळचं स्टूल ओढून बसली.

"बसू नको," मॅडम म्हणाल्या. "याचा अर्थ एवढाच, की तू खोटी नाहीस. पेप्टाइड खरं आहे की नाही, ते अजून ठरायचं आहे. दक्षिणेत त्यांना मेल टाक. काय चुकलं ते लिही, धडप्यासकट लिही, आणि म्हण, तुम्ही तुमच्या हातानं करून बघा. छापणाऱ्यांना दुरुस्ती पाठवू. समितीलाही हेच सांगू. काही जण नाक मुरडतील."

"मुरडू द्या," अमोल म्हणाला.

"तू गप्प बस. तू पुन्हा तीन ट्रे भर."

"आताच?"

"मग कधी? एका ट्रेवर मी विश्वास ठेवत नाही." मॅडमनी बडीशेपेची डबी उघडली, प्रतीक्षापुढं धरली. आजवर ती डबी कोणापुढं गेलेली कोणी पाहिली नव्हती. "आणि आताच्या या ट्रेंची वजनं प्रतीक्षा करेल. तराजूवर तूच बस बाई. अमोल समोर उभा राहील, पण बस तूच."

प्रतीक्षानं चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली. हात धुतले, हातमोजे चढवले. पिवळ्या दोऱ्याच्या ट्रेमधली पहिली अळी तिनं ब्रशच्या टोकावर अलगद उचलली. अळी डोकं वर करून हवेत इकडं तिकडं चाचपत होती, धरायला काही मिळतं का बघत. प्रतीक्षानं तिला तराजूवर ठेवलं, आणि काटा पुरता थांबेपर्यंत वाट पाहिली.